राजा प्रसेनजित आणि ताटातला भात



भगवान बुद्धांच्या काळातले राजे म्हटले की बिंबिसार, अजातशत्रू आणि प्रसेनजित ही नावे आपल्याला लगेच आठवतात. प्रसेनजिताला पालीत पसेनदी म्हणतात. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्याच्या धम्मदीक्षेला जागा दिली आहे, त्यामुळे तो तुम्हाला अनोळखी नाही. पण त्याच्या आयुष्यातला एक प्रसंग आपल्या प्रवचनांत क्वचित ऐकायला मिळतो. तो प्रसंग त्याच्या सुटलेल्या पोटाचा आहे. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आपल्यासारख्यांना त्यातून बरेच शिकता येते, म्हणून आज त्याचे चरित्र सांगताना तिथे जरा जास्त थांबू.

प्रसेनजित हा कोसल देशाचा राजा महाकोसल याचा मुलगा. त्याचे शिक्षण तक्षशिलेला झाले. लिच्छवींचा महाली आणि मल्लांचा बंधुल हे त्याचे तिथले सहाध्यायी. शिक्षण संपवून परतल्यावर वडिलांनी राज्य त्याच्या हाती दिले. राजधानी श्रावस्ती, आणि काशीचा प्रदेशही त्याच्याच ताब्यात. श्रावस्तीजवळच अनाथपिंडिकाने उभारलेले जेतवन होते. तथागतांनी सर्वाधिक वर्षावास श्रावस्तीत केले, त्यामुळे राजाचे त्यांच्याकडे वरचेवर जाणे होई. दोघे एकाच वयाचे होते. भरहूत स्तूपाच्या कठड्यावर या राजाची रथातली स्वारी कोरलेली आहे आणि तिथे त्याचे नावही ब्राह्मीत लिहिलेले आहे.

तो सुरुवातीपासून थोर उपासक होता असे समजू नका. त्याने एकदा मोठ्या यज्ञाची तयारी केली होती. पाचशे बैल, पाचशे गोऱ्हे, पाचशे कालवडी, पाचशे बकरे आणि पाचशे मेंढे खांबांना बांधले होते, आणि राबणारे दास शिक्षेच्या भीतीने रडत कामे करत होते. त्याला भगवंतांकडे नेले ते राणी मल्लिकेने, आणि तो यज्ञ थांबला. ही मल्लिका माळ्याची मुलगी. फुलांचे हार करणाऱ्या घरातून आलेली ही बाई कोसलची पट्टराणी झाली आणि राजापेक्षा शहाणी ठरली. तिला मुलगी झाली तेव्हा राजाचा चेहरा पडला. त्या वेळी भगवंतांनी त्याला समजावले की मुलगीही मुलापेक्षा सरस निघू शकते.

आता तो जेवणाचा प्रसंग पाहू. संयुत्त निकायाच्या कोसल संयुत्तात तो आला आहे. आपल्या लंडनमध्ये 1881 साली पाली टेक्स्ट सोसायटी स्थापन झाली आणि 1884 साली संयुत्त निकायाचा पहिला खंड तिने रोमन लिपीत छापला, त्यात तो वाचायला मिळतो.

राजा एका वेळेला द्रोणभर तांदळाचा भात खात असे. द्रोण हे धान्य मोजायचे मोठे माप. एके दिवशी भरपेट जेवून तो भगवंतांकडे आला तो धापा टाकतच. ना धड बसता येईना, ना धड श्वास घेता येईना. भगवंतांनी त्याची चेष्टा केली नाही, आणि उपास करायलाही सांगितले नाही. त्यांनी स्वतः उरुवेलेला शरीर सुकवून पाहिले होते आणि त्यातून काही हाती लागत नाही हे अनुभवाने जाणले होते. त्यांनी एक छोटी गाथा सांगितली. तिचा आशय असा, की जो भान ठेवून जेवतो आणि आपले माप ओळखतो, त्याचा त्रास कमी होतो आणि त्याचे आयुष्य सांभाळले जाते.

राजाच्या मागे सुदर्शन नावाचा तरुण उभा होता. राजाने त्याला ती गाथा पाठ करायला लावली आणि रोज जेवताना म्हणण्यासाठी दिवसाला शंभर कार्षापण ठरवून दिले. अट्ठकथेत त्याची पद्धतही दिली आहे. सुदर्शनाने गाथा जेवणाच्या आरंभी म्हणायची नाही, शेवटच्या घासाला म्हणायची. ती ऐकताच राजा तो घास खाली ठेवी. त्या घासात जेवढी शिते असतील तेवढे तांदूळ दुसऱ्या दिवशी कमी शिजवायचे. असे करता करता राजा द्रोणावरून एका नाळीवर आला. नाळी हे द्रोणाच्या मानाने बरेच लहान माप. राजाचे शरीर हलके झाले, हालचालीत चपळता आली. तो अंगावरून हात फिरवत म्हणाला की भगवंतांनी आपल्या इहलोकाचीही काळजी घेतली आणि परलोकाचीही.

आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात आम्ही अशा रचनेला फीडबॅक लूप म्हणतो. रोज मोजायचे, रोज थोडे दुरुस्त करायचे, आणि मोजणारा माणूस दुसरा ठेवायचा.

या देशातही असाच एक माणूस होऊन गेला. विल्यम बँटिंग हा लंडनचा, राजघराण्याच्या अंत्यविधींची व्यवस्था पाहणारा. साठी ओलांडल्यावर त्याचे वजन 202 पौंडांवर गेले होते. वाकून बुटाची नाडी बांधता येत नसे आणि जिना तो उलटा उतरत असे. कान बिघडले म्हणून तो डॉ. विल्यम हार्वे यांच्याकडे गेला, तर त्यांनी पाव, साखर, बिअर, बटाटे, दूध आणि लोणी बंद करायला सांगितले. वर्षभरात त्याचे वजन 46 पौंडांनी आणि घेर सुमारे 12 इंचांनी कमी झाला. 1863 साली त्याने हा अनुभव स्वखर्चाने छापला.

तुम्ही म्हणाल, राजाचे आणि श्रीमंत इंग्रजाचे ठीक आहे, आमचे आजी-आजोबा तर शिळ्या भाकरीवर जगले. अगदी खरे. आणि आपल्यासाठी खरी गोष्ट तिथेच सुरू होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतली नवजात बाळे आणि इथल्या साउदॅम्प्टनची नवजात बाळे यांची तुलना केली. आपल्याकडची बाळे सरासरी 2.7 किलोची, इथली 3.5 किलोची. पण वजन कमी असूनही आपल्या बाळांची त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. कमी भरले होते ते स्नायू. दिसायला किडकिडीत, आतून चरबीचे, असे आपले शरीर जन्मापासूनच घडत येते. आईचे पोषण त्याला कारणीभूत असते. म्हणजे मागच्या पिढ्यांची उपासमार आजही आपल्या अंगात आहे.

1991 साली साउथॉल आणि आसपासच्या भारतीय उपखंडातल्या लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात हेच दिसले. वजन गोऱ्यांइतकेच असले तरी चरबी पोटाभोवती जास्त, आणि मधुमेह कितीतरी अधिक. जास्तीचे अन्न शरीर आधी त्वचेखाली साठवते. तिथली जागा आपल्याकडे लवकर भरते. मग चरबी यकृतात आणि आतड्यांभोवती जाऊन बसते, इन्सुलिनचे काम बिघडवते आणि साखर वाढते. भात आणि चपाती एकाच ताटात, वर बटाट्याची भाजी, चहात दोन चमचे साखर, शनिवारी बिअर, आणि दिवसभर खुर्चीत बसून काम. या सगळ्याचा हिशेब कमरेवर मांडला जातो. यातले साखरेचे पेय आणि दारू यकृतावर जास्त भार टाकतात. नुसते पोटाचे व्यायाम करून नेमकी तिथलीच चरबी उतरत नाही. खाणे बदलावे लागते आणि चालावे लागते.

म्हणून इथली आरोग्य संस्था नाईस आपल्यासाठी वेगळे आकडे सांगते. बीएमआय 23 झाला की सावध, आणि 27.5 म्हणजे लठ्ठपणा. इतरांसाठी हेच आकडे 25 आणि 30 आहेत. त्याहून सोपे माप म्हणजे कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी ठेवायचा. उंची 170 सेंटिमीटर असेल तर घेर 85 च्या आत. टेप बेंबीच्या आसपास, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध धरा. श्वास सहज सोडून मोजा, पोट आत ओढू नका.

आपल्या 14 एप्रिलच्या आणि बुद्ध जयंतीच्या कार्यक्रमांत भोजनदान असते. भुकेल्या समाजाने एकमेकांना पोटभर वाढणे यात प्रेम आहे, आणि ते कुणी सोडावे असे मी म्हणणार नाही. पण आग्रह करून तिसऱ्यांदा भात वाढणे आता टाळू या. ताटात आधी डाळ, उसळ, भाजी, मासे किंवा चिकन येऊ द्या, भाताची मूद नंतर. घरी तांदूळ वाटीने मोजा आणि दर आठवड्याला एक मूठ कमी करा. ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी जेवण कमी करण्याआधी आपल्या जीपीशी बोलावे. इंग्लंडमध्ये 40 ते 74 वयाच्या लोकांना दर पाच वर्षांनी एनएचएसची मोफत तपासणी मिळते. पत्र आले की ते ड्रॉवरमध्ये टाकू नका.

राजाची गोष्ट मात्र पुढे दुःखाची आहे. भाताचे माप त्याने सांभाळले, पण आजूबाजूच्या माणसांची पारख त्याला तितकी साधली नाही. बहिणीचा नवरा बिंबिसार याला अजातशत्रूने मारले, तेव्हा काशीच्या गावावरून युद्ध झाले. प्रसेनजिताने अजातशत्रूला पकडले, पण ठार न मारता सोडून दिले आणि आपली मुलगी वजिरा त्याला दिली. हे त्याच्या मोठेपणाचे. पण चुगलखोरांचे ऐकून त्याने आपला जुना मित्र, सेनापती बंधुल, याला मुलांसह मारवले आणि आयुष्यभर पस्तावला.

शाक्यांनी त्याला आपली मुलगी म्हणून दासीची मुलगी वासभखत्तिया दिली होती. तिचा मुलगा विडूडभ आजोळी कपिलवस्तूला गेला, तर त्याचे आसन दुधा-पाण्याने धुऊन काढले गेले. जन्मावरून केलेला हा अपमान पुढे शाक्यांच्या नाशाला कारण झाला. विटाळाची ही रीत कुठे घेऊन जाते ते आपल्याला कुणी सांगायला नको. राजानेही आधी त्या मायलेकांना दूर केले होते. भगवंतांनी समजावल्यावर त्यांचा मान परत दिला.

ऐंशीव्या वर्षी तो भगवंतांना शेवटचे भेटायला गेला. आत जाताना त्याने राजचिन्हे बंधुलाचा भाचा दीघकारायण याच्या हाती दिली. राजा आत असतानाच कारायण ती घेऊन निघून गेला आणि त्याने विडूडभाला गादीवर बसवले. म्हातारा राजा मदतीसाठी राजगृहाकडे निघाला. तो पोहोचला तेव्हा रात्र झाली होती आणि नगराचे दरवाजे बंद होते. प्रवासाने थकलेल्या राजाने वेशीबाहेरच्या धर्मशाळेत त्याच रात्री प्राण सोडला. अजातशत्रूने त्याचे अंत्यसंस्कार इतमामाने केले.

राज्य, सेना, खजिना यातले काहीच त्याच्याजवळ उरले नाही. तरीही त्या काळात तो ऐंशी वर्षे जगला आणि अखेरपर्यंत भगवंतांच्या भेटीला जाण्याइतका हिंडता-फिरता राहिला. या रविवारी घरातल्या प्रत्येकाची उंची आणि कमरेचा घेर मोजून कागदावर लिहा. आपल्या घरात शेवटच्या घासाला आठवण करून देणारा सुदर्शन कोण, हेही ठरवा. मुलगा, सून, नवरा, बायको, कुणीही चालेल. त्याला शंभर कार्षापण द्यायची गरज नाही, फक्त त्याचे ऐकायची तयारी ठेवा.

जय भीम! नमो बुद्धाय!