कोशकार रघुनाथपंत

आमच्या जिल्ह्याचे कुलाबा हे नाव 1981 साली बदलून रायगड झाले. माझा जन्म त्यानंतर कितीतरी वर्षांनी झाला. पण श्रीवर्धनचे आमचे आजोबा पाकिटावर अजूनही 'जि. कुलाबा' लिहितात आणि पत्र बिनचूक पोचते. एकदा मी त्यांची चूक दुरुस्त करायला गेले, तर ते नुसते हसले. त्या हसण्यावरून मला रघुनाथ नारायण हणमंते आठवले.

पंतांचे वडील नारो त्रिमल हे शहाजीराजांचे मुजुमदार. पंत कर्नाटकच्या कारभारातच तयार झाले आणि पुढे व्यंकोजीराजांच्या पदरी राहिले. तिथे धन्याशी बिनसले. पिढीजात चाकरी सोडणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. पंतांनी ती सोडली व ते शिवाजी महाराजांकडे आले. 1677 च्या दक्षिण मोहिमेत त्यांची त्या मुलखाची माहिती कामी आली आणि जिंजीकडचा कारभार त्यांच्यावर सोपवला गेला. हे आपण सर्वांनी वाचलेले आहे. मला ओढ आहे ती त्यांच्या दुसऱ्या कामाची.

6 जून 1674 रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला. राज्य आपले, पण दफ्तरातले शब्द फारसी! तेव्हा हुद्द्यांची नावे बदलली: मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत, सरनोबताचा सेनापती आणि पेशव्याचा मुख्य प्रधान. पण दफ्तर काही आठ हुद्द्यांवर चालत नाही. म्हणून महाराजांच्या आज्ञेने पंतांनी राज्यव्यवहारकोश रचला. त्यात सुमारे चौदाशे शब्द, दहा वर्गांत लावलेले: राजवर्ग, शस्त्रवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग वगैरे. ही वर्गवारी अमरकोशाच्या वळणाची खरी, पण किल्ल्यावरच्या कारकुनाला किल्ल्याचे शब्द एका जागी सापडावेत, ही तिच्यातली सोय मला फार शहाणपणाची वाटते. शिवाय पंतांनी जुना शब्द पुसून टाकला नाही, त्याच्या शेजारी नवा बसवला. जुना कागद वाचता यावा आणि नवा लिहिता यावा! वडिलांच्या हुद्द्याशी आल्यावर त्यांचा हात क्षणभर थांबला असेल का, असा विचार माझ्या मनात येऊन जातो.

महाराजांच्या निधनानंतर जिंजीचा कारभार हरजीराजे महाडिकांकडे गेला. कोश मात्र राहिला. त्यातले सगळेच शब्द रुजले असे नाही. 'पेशवा' तर हटलाच नाही. 1713 साली शाहू महाराजांनी ते पद बाळाजी विश्वनाथांना दिले, आणि बाळाजीपंत आमच्या श्रीवर्धनचे! शिक्क्यावर प्रधान, लोकांच्या तोंडी पेशवे. शेजारी कुलाब्याला कान्होजी आंग्रे, तेही सरखेलच. अमात्य, सचिव आणि सेनापती मात्र टिकले. सचिव तर आज मंत्रालयात बसतात आणि त्यांच्या हाताखाली तालुके, जिल्हे व दफ्तरे सुखाने नांदतात.

परवा आजोबांचा हात दुखत होता म्हणून पाकिटावर मीच पत्ता घातला. 'जि. रायगड' लिहिले, आणि पुढे कंसात 'कुलाबा'.