मशीनच्या खोलीचं दार उघडणारे केळकर सर

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपुरात कोणीच विसरलेलं नाही. अंबाझरी ओव्हरफ्लो झाला, नाग नदी रस्त्यावर आली, घराघरांत पाणी शिरलं. माझी एक मैत्रीण सध्या एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी नागपूरच्या पावसावर काम करतेय. तिने हवामान खात्याची रोजच्या पावसाची फाइल डाउनलोड केली, फोर्ट्रानमध्ये पंधरा-वीस ओळींचा प्रोग्राम लिहिला आणि सगळ्यात आधी तोच दिवस काढून पाहिला. प्रोग्राम चालला, एकही एरर नाही, आकडाही आला. पण तो आकडा त्या रात्रीशी काही केल्या जुळेना!

चूक कुठे होती ते शेवटी सांगते. पण ती शोधता शोधता एक प्रश्न पडला. फोर्ट्रान ही १९५७ ची भाषा, म्हणजे आपल्या आजी-आजोबांच्या पिढीची. ती भारतातल्या कॉलेजच्या पोरांच्या हातात आली कधी? आणि आणली कोणी? शोधत गेले तर एक मराठी नाव सापडलं : डॉ. पुरुषोत्तम काशिनाथ केळकर.

केळकरांचा जन्म १९०९ चा, धारवाडचा. मुंबईत विज्ञानाचं शिक्षण, मग बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत विद्युत अभियांत्रिकी आणि १९३७ मध्ये इंग्लंडच्या लिव्हरपूल विद्यापीठाची डॉक्टरेट. परत आल्यावर ते बंगळुरूला शिकवू लागले. १९४३ मध्ये मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये विद्युत विभागाचे प्रमुख झाले. आयआयटी मुंबई उभी राहत होती तेव्हा नियोजन अधिकारी म्हणून पायाभरणीचं काम त्यांच्याकडेच होतं. आता इथेच स्थिरावतील असं वाटत असताना १९५९ मध्ये त्यांच्यावर नवी जबाबदारी आली. कानपूरला आयआयटी काढायची होती, संचालक म्हणून.

तिथे काय होतं? जवळजवळ काहीच नाही. १९६० मध्ये पहिला वर्ग भरला तो दुसऱ्याच संस्थेच्या, हार्कोर्ट बटलर इन्स्टिट्यूटच्या कँटीनच्या इमारतीत. (त्याच वर्षी आपल्याकडे व्हीआरसीई, म्हणजे आजचं व्हीएनआयटी सुरू झालं.) केळकरांचं डोकं मात्र इमारतींपेक्षा अभ्यासक्रमात जास्त होतं. इंजिनीअर म्हणजे फक्त मशीन चालवणारा माणूस, हे त्यांना मान्य नव्हतं. म्हणून पहिली काही वर्षं सगळ्या शाखांना एकच पाया : गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि सोबतीला भाषा, तत्त्वज्ञान, समाजशास्त्रही. १९६२ पासून अमेरिकेतल्या नऊ विद्यापीठांचा गट दहा वर्षांसाठी मदतीला आला. एमआयटी, बर्कली, प्रिन्स्टन, कॅलटेक अशी तगडी नावं त्यात होती.

याच मदतीतून ऑगस्ट १९६३ मध्ये कानपूरला आयबीएम १६२० हा कॉम्प्युटर आला. देशातला हा पहिला कॉम्प्युटर नव्हे. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आणि मुंबईच्या टीआयएफआरमध्ये मशीन होतीच. पण तिथे काम चालायचं ते संशोधकांचं. कानपूरला हे मशीन शिकवण्यासाठी वापरलं गेलं. बर्कलीहून आलेले हॅरी हस्की आणि तरुण प्राध्यापक व्ही. राजारामन यांनी फोर्ट्रानचे वर्ग सुरू केले. विद्यार्थी शिकलेच, शिवाय देशभरातले शास्त्रज्ञ आणि इंजिनीअर थोड्या दिवसांच्या कोर्सला कानपुरात येऊ लागले.

केळकर स्वतः काही कॉम्प्युटरवाले नव्हते. पण महागडं मशीन काचेआड ठेवून दुरून दाखवायचं, की पोरांना हात लावू द्यायचा? संस्थाप्रमुखाला हा निर्णय घ्यावाच लागतो. मशीन बिघडलं तर जाब त्यालाच विचारला जाणार असतो. केळकरांच्या संस्थेने पोरांवर विश्वास टाकला.

मशीन तरी कसं? त्याच्या मूळ मॉडेलची मेमरी २०,००० अंकांची. बेरीजसुद्धा ते मेमरीत भरून ठेवलेला तक्ता बघून करायचं, आपण पाढे बघून गुणाकार करतो तसं! फोर्ट्रान ही कंपाइल होणारी भाषा आहे. म्हणजे तुमचा प्रोग्राम आधी पूर्णच्या पूर्ण मशीनच्या भाषेत उतरवला जातो आणि मगच चालतो. आज हे काम एका क्लिकवर होतं. तेव्हा आधी कंपायलरच्या कार्डांचा गठ्ठा मशीनला द्यायचा, मग आपल्या प्रोग्रामचा. मशीन मधली कार्डं पंच करून देणार, ती पुन्हा दुसऱ्या फेरीत घालायची. हे सगळं पार पडलं की शेवटी डेटाची कार्डं.

खरी गंमत या डेटाच्या कार्डांत होती. एका कार्डावर ८० रकाने असायचे. कार्डावर नुसते अंक. कुठला अंक कशाचा, हे कार्ड सांगत नाही. ते प्रोग्राममध्ये लिहावं लागतं : पहिले चार रकाने म्हणजे वर्ष, पुढचे पाच म्हणजे पाऊस, त्यातला शेवटचा अंक दशांशानंतरचा. पंच करताना एक रकाना सरकला की चौदा मिलिमीटरचे एकशे चाळीस होऊ शकतात. मशीन काही तक्रार करणार नाही. जे सांगितलं तेच इमानदारीने वाचणार. आकडा बरोबर आहे का, हे बघायचं काम माणसाचं. कानपूरच्या पोरांना ही सवय स्वतःच्या हाताने कार्डं पंच करता करताच लागली असणार.

पुढे राजारामन यांनी प्रोग्रामिंगवर स्वस्तातली पाठ्यपुस्तकं लिहिली आणि ज्या कॉलेजांत कॉम्प्युटर नव्हता तिथेही फोर्ट्रान पोचली. केळकरांना १९६९ मध्ये पद्मभूषण मिळालं. १९७० मध्ये ते आयआयटी मुंबईचे संचालक म्हणून परतले आणि १९७४ पर्यंत त्या पदावर राहिले. १९९० मध्ये त्यांचं निधन झालं. आज आयआयटी कानपूरच्या ग्रंथालयाला त्यांचं नाव आहे. नावाचा कॉम्प्युटर नाही, ग्रंथालय आहे, हे मला जास्त आवडलं. जिथे कोणीही जाऊन स्वतः उघडून वाचू शकतो, अशी जागा!

आता मैत्रिणीच्या फाइलकडे येऊ. ती नोटपॅडमध्ये उघडली तर नुसता कचरा दिसतो, कारण ती बायनरी आहे. आत प्रत्येक दिवसासाठी भारताचा चौकटींचा नकाशा आहे : पश्चिम-पूर्व १३५ बिंदू, दक्षिण-उत्तर १२९ बिंदू, प्रत्येक पाव अंशावर. वर्षभराचे ६३ लाखांहून जास्त आकडे, एकामागे एक, मध्ये ना नाव ना तारीख. त्या जुन्या कार्डासारखंच! सुरुवात ६६.५ अंश पूर्व आणि ६.५ अंश उत्तर. तिथून मोजलं तर नागपूरला सर्वात जवळचा बिंदू पूर्वेकडे ५१ वा आणि उत्तरेकडे ६० वा येतो. २३ सप्टेंबर हा वर्षाचा २६६ वा दिवस. दिवस तिने बरोबर घेतला होता. पण ५१, ६० ऐवजी लिहिलं ६०, ५१. हा बिंदूही नकाशात आहेच. तो पडतो १९ अंश उत्तर, ८१.२५ अंश पूर्वेला, म्हणजे छत्तीसगडच्या बस्तर भागात. प्रोग्रामने बस्तरचा पाऊस नागपूरचा म्हणून दिला आणि त्यात त्याची काहीच चूक नव्हती.

ती रात्र तिने स्वतः पाहिलेली नसती, तर आकडा तसाच प्रोजेक्टमध्ये गेला असता. सबमिशन झालं असतं, कदाचित मार्कही मिळाले असते. आता तिने नियमच केलाय : कुठलीही नवी फाइल उघडली की आधी आपल्याला पक्का माहीत असलेला एक दिवस काढून बघायचा. तो जुळला, तरच पुढे जायचं.