कोटगडचे स्टोक्ससाहेब

सॅम्युएल स्टोक्स यांचा जन्म १८८२ सालीं फिलाडेल्फिया येथील सधन घराण्यांत झाला. १९०४ सालीं कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठीं ते हिंदुस्थानांत आले व पुढें सिमल्याच्या पहाडांत कोटगड येथें स्थायिक झाले. तेथील शेतकरी फार गरीब होते. इंग्रजांनीं कुलूंत लाविलेलीं आंबट सफरचंदें लोकांस रुचत नसत. म्हणून १९१६ सालीं स्टोक्स यांनीं अमेरिकेहून गोड ‘रेड डेलिशस’ जातीचीं रोपें आणवून लाविलीं. बीजापासून वाढलेलें झाड मूळ जातीचे गुण राखीत नाहीं; यास्तव कलमें करून तीं त्यांनीं शेजाऱ्यांस दिलीं. १९२१ सालीं स्वराज्याच्या चळवळींत त्यांस कारावास घडला. १९३२ सालीं हिंदु धर्म स्वीकारून ते सत्यानंद झाले. १९४६ सालीं निवर्तले. विद्यार्थिमित्रहो, त्या कलमांनीं पुढें सहस्रावधि कुटुंबें पोसलीं.