एका चुकीच्या औषधाची किंमत

विदर्भाचे प्रज्ञाचक्षू संत गुलाबराव महाराज जन्मांध नव्हते. ६ जुलै १८८१ रोजी अमरावती जिल्ह्यातील लोणी टाकळी येथे त्यांचा जन्म झाला. वर्षाचे होण्याआधीच डोळ्यांत चुकीचे औषध घातले गेले आणि दृष्टी कायमची गेली. महाराजांनी इतरांकडून शास्त्रे वाचून घेतली, शंभराहून अधिक लहानमोठे ग्रंथ रचले आणि मधुराद्वैत संप्रदाय स्थापिला. २० सप्टेंबर १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या ३४ व्या वर्षी, पुण्यात ते निवर्तले.

प्रज्ञेने अंधत्वावर मात केली. पण ते अंधत्व टळू शकले असते. तान्ह्या बाळाचे डोळे लाल झाले, सुजले वा पू आला, तर घरगुती औषध न घालता तातडीने नेत्रतज्ज्ञाकडेच न्यावे.