ताराबाईंची अंगणवाडी आणि सेविकांचे मानधन

ताराबाई मोडक यांचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबई येथे झाला. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. विवाहानंतर त्या अमरावतीस गेल्या, परंतु तो संसार टिकला नाही. पुढे राजकोटच्या अध्यापिका विद्यालयाचे प्राचार्यपद सोडून त्या १९२३ मध्ये भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या कार्यात सामील झाल्या. त्या काळी एकट्या स्त्रीने असे मानाचे पद सोडणे ही साधी गोष्ट नव्हती.

१९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केले. मात्र माँटेसोरी पद्धतीची महागडी साधने खेड्यांना परवडणारी नाहीत, हे त्यांनी ओळखले. १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले, तेव्हा त्यांनी शंखशिंपले, बिया, पाने आणि खडे यांतूनच शैक्षणिक साधने उभी केली. वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या दारी नेली. अंगणवाडी ती हीच. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडला हलले. धाकट्या भावंडांना सांभाळण्यात आदिवासी मुलींची शाळा बुडते, हे ध्यानी घेऊन तेथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा यांची एकत्र सांगड घालण्यात आली. अनुताई वाघ यांची त्यांना बोर्डीपासून साथ लाभली. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण किताब मिळाला.

इमारत आणि साधने यांवरील खर्च ताराबाईंनी कमी केला; बालसेविकेचे प्रशिक्षण मात्र त्यांनी अखेरपर्यंत आवश्यक मानले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला. पण सरकारने सेविकेला वेतन न देता मानधन ठरवले. ताराबाईंची काटकसर स्वीकारताना तिचा सगळा भार सेविकेवर टाकला गेला, असेच म्हणावे लागते. २०१८ मध्ये केंद्राने मानधनाची रक्कम दरमहा तीन हजारांवरून साडेचार हजार रुपये केली. राज्ये त्यात आपली भर घालतात. महाराष्ट्रातील सेविका डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा संपावर गेल्या. त्याआधी २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेविका आणि मदतनिसांना उपदानाचा, म्हणजेच ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला होता.