‘किरण’ विमानाचे डॉ. घाटगे

सूर्यकिरण टीमचा एअर शो आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल, निदान टीव्हीवर तरी. नऊ विमानं पंखाला पंख लावून जातात आणि खाली आपल्या माना दुखायला लागतात. ही टीम १९९६ साली बिदरला सुरू झाली आणि २०११ पर्यंत तिची विमानं होती एचएएलची किरण मार्क टू. पायलटचं कौतुक सगळेच करतात. विमान मुळात कोणी डिझाइन केलं, हे विचारायचं मात्र कुणाच्या मनात येत नाही. माझ्याही आलं नव्हतं. तो माणूस आपल्या कोल्हापूरकडचा निघाला तेव्हा जरा लाज वाटली.

डॉ. विष्णू माधव घाटगे यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९०८ चा. म्हणजे राइट बंधूंचं विमान त्यांच्यापेक्षा फक्त पाच वर्षांनी मोठं! पुढे ते जर्मनीत ग्योटिंगेनला गेले आणि लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली. हो, तेच प्रांटल, ज्यांच्या बाउंड्री लेयरने फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरात आपल्याला छळलं आहे.

असं शिकून माणूस परत आला तो अशा देशात, जिथे विमानाचा एक कारखानाही नव्हता. डिसेंबर १९४० मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानच्या मदतीने बंगलोरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढली. तिथे घाटग्यांनी दहा जण बसतील असा ग्लायडर डिझाइन केला. तो १९४१ मध्ये उडाला, पण तेवढा एकच बनला. महायुद्धात कारखान्याचं झालं दुरुस्तीचं गॅरेज. मित्रराष्ट्रांची विमानं यायची आणि नीट होऊन जायची. डिझाइनरला काम काय? घाटगे शिकवायला लागले. १९४२ च्या अखेरीस इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये एरोनॉटिक्सचा विभाग सुरू झाला, त्याच्या उभारणीत ते पहिल्यापासून होते.

स्वातंत्र्यानंतर खरं काम मिळालं, ते म्हणजे एचटी-२. दोन सीट एकामागे एक, १५५ हॉर्सपॉवरचं इंजिन, पुढे पंखा. आज फोटो पाहिला तर साधंसुधं वाटतं. पण ऑगस्ट १९५१ मध्ये कॅप्टन जमशेद मुन्शींनी ते उडवलं, तेव्हा भारतात डिझाइन झालेलं शक्तिचलित लष्करी ट्रेनर विमान प्रथमच हवेत गेलं. ते दीडशेहून जास्त बनले आणि बारा तर घानाच्या हवाई दलाला दिले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ट्रेनर म्हणजे सोपं विमान असं आपल्याला वाटतं. फायटर चालवणारा माणूस तयार असतो. ट्रेनरमध्ये बसलेला पोरगा चुका करणारच, हे डिझाइनरने धरूनच चालायचं असतं. तो वेग कमी करेल, नाक जास्त वर घेईल, लँडिंगला दाणकन आपटेल. विमानाने स्टॉल होण्याआधी थरथरून इशारा द्यायला हवा आणि स्पिनमध्ये गेलंच तर नीट बाहेर यायला हवं. पण फार लाडही करायचे नाहीत, नाहीतर पोरगा पुढे खऱ्या फायटरमध्ये जाऊन मरेल. हा बॅलन्स फॉर्म्युल्यात बसत नाही.

१९५६ मध्ये कुर्ट टांक बंगलोरला आले. महायुद्धातलं फॉके-वुल्फ १९० करणारे ते हेच. त्यांच्या मारुत फायटरचा गाजावाजा झाला आणि तो व्हायलाच हवा होता. त्याच काळात घाटग्यांची टीम फ्लाइंग क्लबसाठी पुष्पक आणि सैन्याच्या टेहळणीसाठी कृषक अशी छोटी विमानं करत होती. त्यांची पोस्टर्स कुणी लावली नसतील.

मग आलं जेट. एचटी-२ वर शिकलेल्या मुलाला पुढच्या टप्प्यासाठी जेट ट्रेनर हवा होता, म्हणून १९६१ च्या सुमारास घाटग्यांच्या हाताखाली एचजेटी-१६ चं डिझाइन सुरू झालं. पंख सरळ ठेवले, मागे वळवलेले नाहीत, कारण कमी वेगात सरळ पंख जास्त समजूतदार वागतो. सीट शेजारी-शेजारी, म्हणजे इन्स्ट्रक्टरला मुलाचे हात दिसतात (व्हायवाला सर शेजारी बसल्यासारखं!). ४ सप्टेंबर १९६४ ला सुरंजन दास यांनी ते पहिल्यांदा उडवलं. मारुतही त्यांनीच उडवलं होतं. पुढे १९७० मध्ये मारुतच्याच एका चाचणीत ते गेले. घाटग्यांना १९६५ साली पद्मश्री मिळाली.

किरण ब्रिटिश जेट प्रोव्होस्टसारखं दिसतं, अशी टीका होते. साम्य आहेच. दोन्हींत वायपर इंजिन आणि मांडणीही तीच. पण गरज तीच असेल तर उत्तर जवळपास तसंच येणार, असं मला वाटतं. खरी दुखरी जागा दुसरी आहे. इंजिन आपलं नव्हतं. वायपरचं डिझाइन इंग्लंडचं. मारुतला तर हवं होतं ते जोरदार इंजिन कधी मिळालंच नाही आणि त्याची ताकद शेवटपर्यंत कमी पडली. पंखाचं गणित घाटग्यांच्या पिढीने बसवलं. इंजिनचं आपल्याला अजून पुरतं जमलेलं नाही.

पुढच्या टीमने किरणमध्ये वायपर काढून जास्त ताकदीचं ऑर्फियस बसवलं, नाकात दोन मशीनगन दिल्या आणि पंखांखाली बॉम्ब-रॉकेटसाठी चार जागा केल्या. हे मार्क टू १९७६ मध्ये उडालं. शिकाऊ विमान आता हलका हल्लाही करू शकत होतं. सगळे धरून अडीचशेच्या आसपास किरण बनले. त्याची जागा घ्यायला केलेलं एचजेटी-३६ हे २००३ साली उडालं, पण स्पिनच्या चाचण्यांत वर्षानुवर्षं अडकलं, त्यामुळे म्हाताऱ्या किरणलाच मुलं शिकवत राहावं लागलं.

घाटगे ६ डिसेंबर १९९१ ला गेले. बिदरला सूर्यकिरणची टीम उभी राहायला तेव्हा अजून पाच वर्षं होती.