हजरत उमर (रजि.) यांचा दुर्रा आणि सहाशे दिरहम

सिंहस्थाची चाहूल लागली की आपल्या नाशिकमध्ये रस्ते मोकळे करण्याची लगबग सुरू होते. मेन रोड, भद्रकाली, शालिमार, रामकुंडाचा परिसर. कोठेतरी गाडी आल्याची आरोळी उठते आणि हातगाडीवाले, पथारीवाले मिळेल तेवढा माल उचलून गल्लीबोळांत शिरतात. त्यांत आपल्याच घरांतील माणसे आहेत, हे आपणास सांगावयास नको. रस्ता मोकळा हवा, हे मात्र नाकारता येत नाही. 2003 च्या सिंहस्थात रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी होऊन तीसहून अधिक भाविक मरण पावले, हे या शहराने पाहिले आहे. रस्ता मोकळा करणारा हात कसा असावा, हे पाहण्यासाठी हजरत उमर बिन खत्ताब (रजि.) यांचे चरित्र या एका बाजूने वाचावे असे वाटते. पिठाचे पोते पाठीवर वाहून नेल्याची कथा आपण मकतबमध्ये ऐकलेलीच आहे. ती येथे पुन्हा सांगत नाही.

मक्केतील बनू अदी घराण्यात त्यांचा जन्म झाला. लहानपणी त्यांनी वडिलांचे उंट चारले, आणि कामात कसूर झाली की बापाचा मार खाल्ला. पुढे ते व्यापारात पडले. बाजार त्यांना अधिकाऱ्याच्या नजरेने ठाऊक होण्याच्या कितीतरी आधी विक्रेत्याच्या नजरेने ठाऊक होता. प्रेषितांची (स.) एक शिकवण आपल्यापर्यंत पोहोचली नाही, कारण बाजारातील देवघेवीत आपण गुंतून राहिलो, असे त्यांनी पुढे स्वतःच मान्य केले आहे.

हिजरतीनंतर मदीनेत प्रेषितांनी (स.) मुस्लिमांसाठी बाजाराची जागा ठरवून दिली. ती मोकळी जागा होती. तेथे कोणाची जागा आवळू नये आणि विक्रेत्यांवर कर बसवू नये, असा दंडक होता. हिजरी 13 मध्ये, म्हणजे इ.स. 634 मध्ये, खिलाफतीची धुरा खांद्यावर आल्यावर उमर (रजि.) यांनी हा दंडक कसोशीने पाळला. एका लोहाराने बाजारात भट्टी बांधलेली दिसली, तेव्हा त्यांनी ती लाथेने पाडून टाकली, कारण तिने सर्वांची जागा अडवली होती. उमर (रजि.) कडक होते, हे लपवण्याचे कारण नाही. पण त्याच उमर (रजि.) यांच्या राज्यात कूफा शहर वसले, तेव्हा तेथील बाजाराला मशिदीचा नियम लागू झाला: जो आधी येऊन बसेल, जागा त्याची, तो आपली विक्री संपवून किंवा घरी जाण्यासाठी उठेपर्यंत त्याला कोणी उठवू नये. भिंत बांधून जागा बळकावणारा आणि दिवसभर बसून पोट भरणारा, यांतील फरक त्यांनी ओळखला होता. शिफा बिन्ते अब्दुल्लाह (रजि.) या सुशिक्षित महिलेकडे त्यांनी बाजाराचे काही काम सोपवले होते, असेही चरित्रकार नोंदवतात.

हातात दुर्रा, म्हणजे चामड्याचा लहान कोरडा, घेऊन ते बाजारातून फिरत. इतिहासकार तबरी यांनी नोंदवलेली एक हकीकत सलमा (रजि.) नावाच्या सहाबींची आहे. ते बाजारात वाटेत उभे होते. उमर (रजि.) तेथून जात असता त्यांनी दुर्रा हलकेच मारून वाट सोडावयास सांगितले. फटका अंगाला नीटसा लागलाही नाही. वस्त्राच्या कडेला लागला. गोष्ट तेथेच संपावयास हवी होती. परंतु वर्षभराने दोघांची गाठ पडली, तेव्हा खलीफांनी सलमा (रजि.) यांना हजला जाण्याचा विचार आहे काय, असे विचारले आणि हात धरून घरी नेले. तेथे सहाशे दिरहम त्यांच्या हाती ठेवून ही रक्कम त्या फटक्याची भरपाई आहे, असे सांगितले. सलमा (रजि.) यांना तो फटका आठवतही नव्हता. मारणाऱ्याला मात्र त्याचा विसर पडला नव्हता.

आपल्या अंमलदारांनाही त्यांनी हेच माप लावले. नेमणूक करताना ते त्यांच्या मालमत्तेची नोंद करून ठेवत, आणि हजच्या वेळी त्यांना लोकांसमोर उभे करून तक्रारी विचारत. एकदा एका सामान्य माणसाने उठून आपल्याला शंभर फटके मारल्याची तक्रार केली. उमर (रजि.) यांनी त्याला तेथेच बदला घेण्यास सांगितले. अंमलदारांचा दरारा राहणार नाही, ही अम्र बिन आस (रजि.) यांची हरकत त्यांनी मानली नाही. अखेर प्रत्येक फटक्यामागे दोन दिनार देऊन त्या माणसाची समजूत काढण्यात आली.

आपल्या देशात 2014 साली पथविक्रेत्यांसाठी कायदा झाला. त्यानुसार विक्रेत्याला हटवण्यापूर्वी तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. माल जप्त केला तर त्याची यादी द्यावी लागते. मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि इतर माल कामकाजाच्या दोन दिवसांत परत करावा लागतो. प्रमाणपत्राच्या अटी पाळणाऱ्याला पोलिसांनीही अडवता येत नाही. आपल्या घरात कोणी गाडी लावत असेल, तर हे त्याच्या कानी घाला. आणि कोणी खाकी वर्दीत किंवा पालिकेच्या नोकरीत असेल, तर त्याच्या कानी अधिक आवर्जून घाला.

द्राक्षे आणि बेदाण्यांच्या या जिल्ह्यात एक प्रसंग विशेष जवळचा वाटेल. हातिब (रजि.) हे मदीनेच्या बाजारात मनुका विकत बसले होते. त्यांचा भाव फार उतरता होता. ताइफहून मनुकांचा तांडा येत होता, या भावाने त्या व्यापाऱ्यांचे नुकसान होईल, म्हणून भाव वाढवा अथवा माल घरी नेऊन विका, असे उमर (रजि.) यांनी त्यांना सांगितले. परंतु घरी परतल्यावर ते स्वतःचा हिशेब मांडत बसले. मग उठले आणि हातिब (रजि.) यांच्या घरी गेले. आपले बोलणे हा हुकूम नव्हता, लोकांच्या भल्यासाठी सुचलेला विचार होता. तुम्ही हवे तेथे आणि हवे तसे विका, हे त्यांनी विक्रेत्याच्या दारी उभे राहून सांगितले.

हिजरी 23 मध्ये, इ.स. 644 साली, फजरच्या नमाजात त्यांच्यावर खंजिराचे वार झाले. अखेरच्या घटकांतही, आपल्या आश्रयास असलेल्या बिगरमुस्लिम प्रजेवर तिच्या शक्तीबाहेर ओझे लादू नये, अशी ताकीद त्यांनी पुढच्या खलीफांसाठी ठेवली. मग पुत्र अब्दुल्लाह (रजि.) यांना जवळ बोलावून आपल्या कर्जाचा हिशेब करावयास लावला. ते सुमारे शहाऐंशी हजार निघाले. ते फेडण्यासाठी त्यांचे मशिदे नबवीजवळील घर विकावे लागले, आणि मदीनेचे लोक पुढे त्या घराला दारुल कजा, म्हणजे कर्जफेडीचे घर, म्हणू लागले.